पुढच्याच्या दोन टाळ्या

माझा थोरला भाऊ टाळ्या वाजवत नसे. मंगलाष्टका संपून सगळा मांडव टाळ्या पिटत असला तरी आमचा अण्णा हात पाठीमागे बांधून उभा. गणपतीच्या आरतीलाही तो नुसते हात जोडायचा. नव्या पाहुण्यांना वाटे, माणूस भलताच ताठ दिसतो. आम्ही कुणाला खुलासा करत बसत नसू. आमच्या कोडोली गावात ज्यांना कारण माहीत होतं त्यांना होतं, आणि ज्यांना नव्हतं त्यांची झोप उडवून आम्हाला काय मिळणार होतं?

मी कोल्हापूरच्या राजारामपुरीत एका क्लासमध्ये दहावीच्या मुलांना भूमिती आणि विज्ञान शिकवते. जे सिद्ध होत नाही ते खरं धरायचं नाही, हे फळ्यासमोर इतकी वर्षं ठणकावून सांगितलंय की घरीही माझी जीभ तशीच चालते. भूत, चकवा, भानामती असले शब्द कुणी काढले की माझं डोकं सणकतं. त्यामुळे पुढचं सगळं मी सांगावं, हे माझं मलाच विचित्र वाटतं. पण मुंबईत त्या दिवशी अण्णाबरोबर मीच होते. दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा सांगणार तरी कोण?

सुरुवात नव्वदच्या दशकातली. मी तेव्हा शाळेत होते. अण्णा आणि त्याचा जोडीदार लष्करभरतीची तयारी करत होते. हा जोडीदार म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मावशींचा एकुलता एक मुलगा. मावशी नात्याच्या नव्हेत, पण सगळी गल्ली त्यांना मावशीच म्हणायची. नवरा लवकर गेला, दोन म्हशींच्या दुधावर त्यांनी पोराला वाढवलं. पोरगं अंगानं काटक, तोंडानं वाह्यात, आणि पळायला असं की त्याच्यामागे अण्णाची दमछाक व्हायची. दोघं पहाटे उठून जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत पळत जायचे आणि म्हशींच्या धारा होईपर्यंत परत यायचे. मावशी ओट्यावर दोघांसाठी पाण्याचे दोन तांबे भरून ठेवायच्या. पाय धुतल्याशिवाय उंबऱ्यात पाऊल टाकायचं नाही, असा त्यांचा कायदा होता.

डांबरी रस्ता लांबचा पडे, म्हणून दोघं उसातल्या पाणंदीनं जात. पाणंद म्हणजे बैलगाडीपुरती अरुंद वाट, दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला ऊस. थंडीत वारणेकडून धुकं आलं की पुढचा माणूस दोन पावलांवर नाहीसा व्हायचा. आता अंधारात किंवा धुक्यात, रानात असताना एकमेकांना नावानं हाक मारायची नाही, हे आमच्याकडे लहानपणापासून बजावलेलं असतं. ते नाव दुसरंच कुणीतरी उचलतं आणि त्याच आवाजात हाका मारत सुटतं, अशी समजूत. म्हणून या दोघांनी आपली एक रीत बसवली होती. पुढं असेल त्यानं दर वळणाला दोन टाळ्या वाजवायच्या, मागच्यानं एक. दोन म्हणजे वाट इकडं आहे. एक म्हणजे आलो. टाळीला नाव नसतं, तेव्हा ती कोण उचलणार, असा त्यांचा हिशेब होता.

पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या मला त्या टाळ्या ऐकू यायच्या. गल्लीच्या टोकाला दोन, आमच्या दारात एक. मग अण्णाच्या बुटांचा आवाज लांब जायचा आणि मला पुन्हा डोळा लागायचा.

त्या दिवशी काय झालं ते अण्णानं एकदा पंचांना सांगितलं आणि पुष्कळ वर्षांनी एकदा मला. परतीच्या वाटेवर त्यांना बांधावर एक घमेलं उपडं पडलेलं दिसलं, एका बाजूला काठ चेपलेला. कुणी खत टाकून विसरलं असेल म्हणून दोघं पुढं गेले. बऱ्याच वेळानं पुन्हा एक घमेलं आलं, त्याच बाजूला चेपलेलं. आणखी पळाले, तर पुन्हा तेच. मग अण्णा पुढं गेलाच नाही. चकवा लागला तर काय करायचं, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. चालायचं नाही. आहे तिथं बसायचं, अंगातलं काढून उलटं घालायचं, पायातलं डाव्याचं उजव्यात करायचं, आणि चांगलं उजाडेपर्यंत हलायचं नाही. अण्णानं बनियन उलटं केलं, बुटांची अदलाबदल केली, गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं आणि पाणंदीतच फतकल मारली.

जोडीदार हसला. उसाला भिणारा गडी सरहद्दीवर काय करणार, म्हणाला. मी वाट शोधतो आणि टाळ्या वाजवतो, त्या धरून ये, असं सांगून तो धुक्यात शिरला. जरा वेळानं दोन टाळ्या आल्या. अण्णानं एक वाजवली. मग दोन डावीकडून आल्या, मग पाठीमागून, मग थेट उसाच्या पोटातून, जिथून माणसाला नीट चालताही येत नाही. अण्णा प्रत्येक वेळी एक वाजवत राहिला, कारण रीत तशी होती. ऊन आलं, धुकं फाटलं, तेव्हा त्याला दिसलं की डांबरी रस्ता हाकेच्या अंतरावर आहे आणि तिथं दूधसंघाचा टेम्पो उभा आहे.

जोडीदार दुपारी सापडला. उसाच्या मधोमध एक जुनी, बिनकठड्याची विहीर होती. शेजारच्या रानात पाणी पाजणाऱ्या माणसानं पहाटे धप्प असा आवाज ऐकला होता. विहिरीचा काठ ढासळला असेल असं समजून तो आपल्या कामाला लागला. तेव्हा देवळातला भोंगा नुकता सुरू झाला होता, असं त्यानं चारचौघांत सांगितलं, आणि ते ऐकताना अण्णाचा चेहरा कसा पांढराफटक पडला ते मी जवळून पाहिलं. भोंगा अण्णानंही ऐकला होता. त्यानंतर ऊन वर येईपर्यंत तो टाळ्यांना उत्तर देत बसला होता.

मग त्या टाळ्या कुणाच्या, हे आमच्या घरात कुणी मोठ्यानं विचारलं नाही. पुढे शिकून शहाणी झाल्यावर मी मनाशी उत्तर लावलं, की तो प्रतिध्वनी असणार. एका टाळीचा प्रतिध्वनी दोन टाळ्यांचा कसा येतो, ते मात्र मला मांडता आलं नाही. अण्णानं पळणं सोडलं, भरती सोडली, शेती आणि म्हशी बघायला लागला. मावशींनी त्याला कधी शब्दानंही दोष दिला नाही. दोष दिला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. त्या रोज सकाळी ओट्यावर दोन तांबे भरून ठेवत राहिल्या, आणि दुपारी ते पाणी तुळशीला घालत राहिल्या. अण्णाला ते बघवायचं नाही. गल्लीच्या त्या टोकाला जायचं असलं की तो मागच्या उकिरड्यावरून वळसा घालून जायचा. वर्षानुवर्षं गेला.

दोन हजारनंतर मुंबईत मोठी मॅरेथॉन सुरू झाली. पेपरात फोटो यायला लागले आणि कोल्हापुरातही पहाटे पळणाऱ्यांचं पेव फुटलं. मी विद्यापीठाच्या रस्त्यांवर पळायला लागले होते. आधी वजन कमी करायला, मग नादच लागला. त्याच सुमाराला अण्णाला शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, चाला नाहीतर सुया टोचून घ्या. तो चालायला लागला आणि चालता चालता कधी पळायला लागला ते त्याचं त्यालाही कळलं नसावं. पण त्याच्या अटी होत्या. डांबरीवरच पळणार, लख्ख उजेडातच पळणार, आणि कायम माझ्या बरोबरीनं. एक पाऊल पुढं नाही, एक मागं नाही. रविवारी तो कोडोलीहून यायचा आणि आम्ही रस्ता अडवून जोडीनं पळायचो. मागून दुचाकीवाले हॉर्न मारून मारून शिव्या घालायचे. मी चिडायचे, पण त्याला कधी पुढं हो म्हणाले नाही.

मुंबईला जायचं माझं ठरल्यावर आमच्या आईनं, आव्वानं, घर डोक्यावर घेतलं. बाईमाणूस एकटी मुंबईत पळणार, लोक काय म्हणतील, वगैरे. शेवटी माझ्या सोबतीला म्हणून अण्णानंही शर्यतीत नाव घातलं. त्यानं मला एकच गोष्ट विचारली, तिथं टाळ्याबिळ्या नसतात ना? मी म्हणाले, पळण्याच्या शर्यतीत कसल्या टाळ्या? हे मी मनापासून सांगितलं होतं. आमच्या जत्रेतल्या शर्यती मी लहानपणापासून बघत आलेय. तिथं लोक शिट्ट्या मारतात, फेटे उडवतात, पळणाऱ्याच्या आयमायचा उद्धार करतात, पण टाळ्या कुणी वाजवत नाही. हात मोकळे असतात कुणाचे? मुंबईची मॅरेथॉन आम्ही दोघांनीही फोटोतच पाहिली होती, आणि फोटोला आवाज नसतो.

गाडीनं मुंबई गाठली, लांबच्या मामाच्या खोलीवर मुक्काम केला आणि पहाटे हजारो माणसांत जाऊन उभे राहिलो. छातीवर नंबराचा कागद टाचण्यांनी लावलेला. अण्णा बनियनवरच पळणार होता, टी-शर्टात त्याला गुदमरायचं. सुरुवात झाली तेव्हा पुरतं उजाडलं नव्हतं, पण रस्त्यावर दिव्यांचा लख्ख उजेड होता. पहिल्या मोठ्या वळणावर शाळेची पोरं बँड घेऊन उभी होती, त्यांच्या मागे बायाबापड्या, म्हातारे, सगळे दणादण टाळ्या वाजवत होते. अण्णाचं पाऊल अडखळलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं त्यात राग नव्हता, फसवलं गेलेल्या माणसाची नजर होती.  मी त्याला परत फिरू या म्हणाले. त्यानं नाही म्हणून मान हलवली, खिशातून मोठा रुमाल काढला आणि कानांवरून डोक्याला बांधला. पुढं एका पळणाऱ्यानं त्याला विचारलं, काका, दाढ दुखतेय का? अण्णा म्हणाला, व्हय. त्यावर मला इतकं हसू आलं की पोटात कळ आली.

ती मॅरेथॉन एका टोकाला जाऊन त्याच रस्त्यानं परत यायची होती. जाताना सगळं ठीक गेलं. परतताना ऊन चढलं, पाय जड झाले आणि लोक पांगायला लागले. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला बंद कचेऱ्यांच्या भिंती, असा एक लांब पट्टा आला. तिथं टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. अण्णानं कानावरचा रुमाल जरा सैल केला. फुटपाथवर एक हिरवी प्लास्टिकची खुर्ची होती, खुर्चीवर स्टीलचं ताट, ताटात संत्र्याच्या फोडी गोलाकार मांडलेल्या. शेजारी माणूस नाही. कुणीतरी पळणाऱ्यांसाठी ठेवून आत गेलं असणार. आम्ही एकेक फोड उचलली. गोलात दोन फोडींची जागा रिकामी झाली, ती माझ्या डोळ्यांत राहिली.

बरंच पळाल्यावर हिरवी खुर्ची आली. ताटात फोडी गोलाकार, दोन फोडींची जागा रिकामी. मी म्हणाले, एकाच मंडळानं ठिकठिकाणी ठेवल्या असतील. आमच्या आधीही दोघं जोडीनं गेले असतील. अण्णाचा श्वास बदलला. मग मी एक मूर्खपणा केला. ताटातली आणखी एक फोड उचलली आणि चिमटीत धरून पळायला लागले. काय सिद्ध करायचं होतं कोण जाणे. पुन्हा खुर्ची आली. ताटात तीन फोडींची जागा रिकामी होती.

माझं अंग घामानं भिजलेलं होतंच, ते आता गार पडलं. मी मागे पाहिलं, पुढे पाहिलं. मघापर्यंत आमच्या पुढे पाठी दिसत होत्या, मागून पावलं येत होती. आता रस्ता मोकळा होता. भर दिवसा, भर मुंबईत, एवढा मोठा रस्ता आणि त्यावर आम्ही दोघंच. समुद्राचा आवाज तेवढा येत होता. आणि मग पुढच्या वळणाकडून दोन टाळ्या आल्या.

मी ऐकल्या. हे मला इथं स्वच्छ लिहायचं आहे, कारण पुढे मी स्वतःला पुष्कळदा समजावून पाहिलं. त्या गर्दीच्या टाळ्या नव्हत्या. एका माणसाच्या, कोरड्या, मध्ये तेवढंच अंतर सोडलेल्या. लहानपणी अंथरुणातून ऐकायचे त्याच.

अण्णा खाली बसला. डांबरावर, फुटपाथच्या कडेला. त्यानं बनियन काढलं, उलटं करून घातलं, नंबराचा कागद आत गेला. बुटांची अदलाबदल केली. मलाही निदान बूट बदल म्हणाला. मी भडकले. इतकी भडकले की आवाज फाटला. आपण मुंबईत आहोत, ऊन डोक्यावर आलंय, इथं ऊस नाही, विहीर नाही, तुझं मीठ कमी झालंय आणि माझंही झालंय, असं काय काय बोलले. आणि शेवटी म्हणाले, तू बस इथं, मी त्या वळणापर्यंत जाते, कोण टाळ्या वाजवतंय ते बघते आणि येते.

तोंडातून शब्द गेल्यावर मला कळलं मी काय बोलले ते. अण्णानं माझं मनगट धरलं. त्याच्या हाताला एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

"त्यो बी असंच म्हणलाता," तो म्हणाला. "ह्या खेपेला मी कुणाला फुडं जाऊ द्यायचो न्हाय."

मी बसले. रडायला येत होतं, रागानं की भीतीनं ते सांगता येणार नाही. टाळ्या पुन्हा आल्या, या वेळी समुद्राच्या बाजूनं, जिथं उभं राहायला जागाच नव्हती. मग भिंतीच्या आतून. मग पाठीमागून, लांब. अण्णानं दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले होते. आपोआप वाजतील की काय अशी त्याला धास्ती होती. मी हळू आवाजात विचारलं, उत्तर का देत नाहीस?  मग जे बोलला ते तो इतकी वर्षं पोटात धरून होता. म्हणाला, त्या दिवशी मी एक वाजवत राहिलो म्हणून तो मला वाट दाखवायला फिरत राहिला. अजून फिरतोय. मी एक वाजवली की तो पुन्हा फिरणार.

अशा वेळी माणसाला रडू यावं, मिठी मारावीशी वाटावी. मला मात्र वर्गातला राग आला, चुकीचं गृहीत धरून अख्खं गणित सोडवणाऱ्या पोरावर येतो तसा. दोन टाळ्या म्हणजे वाट इकडं आहे. पण त्याला वाट सापडलीच नाही. सापडली असती तर तो विहिरीत कशाला गेला असता? ज्याला वाट माहीत नाही त्यानं पुढचा कसं व्हायचं? वाट अण्णाला सापडली होती. डांबरी रस्ता हाकेवर होता, अण्णा त्यावरून चालत घरी आला होता. हे मी त्याला तिथं, त्या फुटपाथवर, फळ्यासमोर उभी असल्यासारखं सांगितलं. आणि शेवटी म्हणाले,

"मग पुढचा कोण, अण्णा? तूच की."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हळूहळू उठला. गुडघ्यांतून काढलेले हात त्यानं समोर धरले आणि त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. इतक्या वर्षांत ते हात एकमेकांवर आपटले नव्हते. पहिली टाळी बद्द वाजली. दुसरी चांगली वाजली.

काहीच झालं नाही. समुद्राचा आवाज येत होता. मला वाटलं, संपलं सगळं, आपण दोघंही उन्हानं खुळे झालोय. मग पाठीमागून, अगदी जवळून, एक टाळी आली.

अण्णा म्हणाला, मागं बघू नकोस. आणि पळायला लागला. पहिल्यांदाच माझ्या पुढे. मी त्याच्यामागे. डाव्याचे बूट उजव्यात, त्यामुळे तो बदकासारखा फेंगडा पळत होता, पण पळत होता. वळण आलं की दोन टाळ्या. आणि माझ्या पाठीशी एक, दर वेळी तेवढ्याच अंतरावर. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले होते. तरी मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे, की तोवर भीती कमी झाली होती आणि तिच्या जागी दुसरंच काहीतरी आलं होतं. गल्लीच्या टोकाला टाळ्या ऐकून मला पुन्हा डोळा लागायचा, तेव्हा वाटायचं तसं. खुर्ची पुन्हा दिसली नाही. पुढे माणसांच्या पाठी दिसायला लागल्या, मग गर्दी आली, मग हजारो हातांच्या टाळ्या. त्या सगळ्यांतून मला ती एक टाळी वेगळी ऐकू येत होती.

शेवटच्या रेषेपलीकडे एक कॉलेजातली मुलगी पाणी वाटत होती. अण्णाचा नंबर दिसेना म्हणून तिथल्या माणसानं हटकलं. अण्णानं बनियन पोटावरून वर करून आतला कागद दाखवला, तेव्हा तो माणूस खो खो हसला. मुलीनं अण्णाला एक बाटली दिली, मला एक दिली, आणि तिसरी माझ्या खांद्यावरून मागे कुणाला तरी देत हात तसाच धरून राहिली. मग गोंधळली. अण्णानं ती बाटली तिच्या हातातून घेतली आणि पिशवीत ठेवली.

आम्ही कोल्हापूरच्या परतीच्या गाडीत बसलो. अण्णानं बनियन सरळ केलं नाही, वरून सदरा घातला. बूटही बदलले नाहीत. घरी पोचेपर्यंत चकवा सुटला असं धरायचं नसतं. पुढे माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांना मी हे सगळं गाळून गाळून सांगितलं. ते म्हणाले, अंगातलं मीठ उतरलं की असे भास होतात. दोघांना एकच भास होतो का, हे मी विचारलं नाही. स्पष्टीकरण मिळालं होतं, ते मुकाट्यानं घरी घेऊन आले.

कोडोलीच्या फाट्यावर आम्ही सकाळी उतरलो. मला वाटलं, अण्णा नेहमीसारखा उकिरड्यावरून वळसा घेईल. तो सरळ गल्लीत शिरला. मावशींच्या घराच्या थोडं अलीकडे थांबला आणि त्यानं दोन टाळ्या वाजवल्या. मागून एक आली. गोठ्यात धार काढणाऱ्या मावशी तशाच उठल्या आणि ओट्यावर आल्या. हात दुधानं ओले होते. त्या आता खूप थकल्या होत्या. त्यांनी अण्णाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग आमच्या दोघांच्या मागे, गल्लीकडे. तिकडेच बराच वेळ बघत राहिल्या. तोंडावर पदर नाही, डोळ्यांत पाणी नाही. उशीर करून आलेल्या पोराकडे आई बघते तेवढंच.

"पाय धुवा दोघं बी," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा धारेला बसल्या.

ओट्यावर दोन तांबे होते. अण्णानं एकातलं पाणी पायांवर घेतलं. मी भिंतीकडे तोंड करून उभी होते, कारण मागं बघायचं नाही असं त्यानं मला सांगितलं होतं आणि अजून बघ म्हणाला नव्हता. अण्णा सदऱ्याच्या टोकानं पाय पुसत होता तेव्हा मला पुन्हा पाणी ओतल्याचा आवाज ऐकू आला. नंतर मी वळले. दोन्ही तांबे रिकामे होते आणि फरशीवरची ओल उंबऱ्यापर्यंत गेलेली होती.

अण्णानं आत जाऊन ती पाण्याची बाटली मावशींच्या देव्हाऱ्याजवळ ठेवली. त्या वर्षीच्या गणपतीत त्यानं आरतीला टाळ्या वाजवल्या. आव्वाची आरती मध्येच चुकली. मी अजूनही वर्गात सांगते, जे सिद्ध होत नाही ते खरं धरायचं नाही. पोरं लिहून घेतात.

मावशी त्यानंतर बरीच वर्षं होत्या. रविवारी गावी गेले की मी मुद्दाम त्यांच्या दारावरून जायचे. ओट्यावर पुन्हा कधी तांबे दिसले नाहीत. एकदा धीर करून मी विचारलं, मावशी, आता पाणी भरून ठेवत नाही? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारत होते.

"आता कशाला?" त्या म्हणाल्या. "घरातच हाय की त्यो."